सोन्याचा मुलामा आणि बुरूड राजाचा कोट

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि नित्यानंदांच्या समाधीसाठी सर्वांना ठाऊक आहे. तानसा नदीच्या काठाने अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी अशी ही कुंडांची रांग लागते. या गावाजवळ भरलेल्या एका श्रामणेर शिबिरात मला बोलायला बोलावले होते. मुले बहुतेक भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांची होती. काही वसई-नालासोपाऱ्याकडून आली होती. व्याख्यान संपल्यावर चीवर घातलेल्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने माझ्यापुढे एक छापील चित्र धरले. चित्रात एक स्त्रीमूर्ती होती. उभी, कमरेवर अनावृत, उजवा हात वर देण्याच्या मुद्रेत, आणि नखशिखांत सोनेरी. खाली छापले होते : तारा, बौद्ध देवता.

मुलगा म्हणाला, "सर, पहिल्याच दिवशी भन्तेंनी आम्हाला दहा शीले दिली. दहावे शील सोने-रूपे न स्वीकारण्याचे. मग हिच्या अंगावर सोने कशाला? आणि बुद्धाच्या धम्मात देवता आली कुठून?"

त्याच्या शेजारचा आणखी लहान मुलगा हळूच म्हणाला, "आणि ही आपली म्हणायची का?"

त्या सायंकाळी मी जे उत्तर दिले ते तुटक होते. पुढे विचार करताना माझ्या ध्यानात आले, की हे तीन प्रश्न त्या दोन मुलांपुरते नाहीत. धम्मदीक्षेनंतर आपल्या वाट्याला जो प्रचंड बौद्ध वारसा आला, त्यात केवळ त्रिपिटक आणि अशोकाचे शिलालेख नाहीत. त्यात मुकुटधारी बोधिसत्त्व आहेत, तारा आहेत, भृकुटी आहेत, सोन्याने मढवलेल्या मूर्ती आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिलो की आपण एक तर भाबड्या अभिमानाने हात जोडतो, नाही तर 'हे महायानी थोतांड' म्हणून पाठ फिरवतो. दोन्ही गोष्टींना विचार करावा लागत नाही. म्हणून हे प्रश्न मी येथे नीट मांडून पाहतो.

१

प्रथम ही वस्तू बनते कशी ते पाहू. कारण मूर्ती ही आधी कुणाच्या तरी हातचे काम असते, देवता ती नंतर होते.

कांस्य म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. मूर्ती ओतण्याची आपल्याकडची जुनी रीत मेणाची आहे. कारागीर आधी मेणात पूर्ण मूर्ती घडवतो : बोटे, दागिने, वस्त्राच्या चुण्या, सगळे मेणात. त्यावर बारीक मळलेल्या मातीचे पातळ लेप एकावर एक देतो, मग जाड मातीचा थर देतो आणि साचा वाळवतो. साचा तापवला की मेण वितळून ठेवलेल्या छिद्रातून बाहेर येते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. मुशीत वितळवलेला धातू त्या पोकळीत ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात. साचा एकदाच वापरता येतो. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकच असते, तिची दुसरी प्रत नसते. मोठी मूर्ती पोकळ करायची असेल तर मेणाच्या आत मातीचा गाभा ठेवतात. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात ही कृती सांगितली आहे. आधी मेणाचे वजन करायचे आणि त्याच्या ठरावीक पट धातू घ्यायचा, हा हिशेबही त्यात आहे. राजाच्या नावावर ग्रंथ झाला. पण हे ज्ञान राजाच्या दरबारात निपजलेले नाही. ओताऱ्याच्या भट्टीपाशी पिढ्यान् पिढ्या भाजलेल्या हातांनी ते मिळवलेले आहे.

आता सोन्याचा मुलामा. पाऱ्यात सोने विरघळते. सोन्याच्या सहा-आठ पट पारा घेऊन त्यात बारीक केलेले सोने कालवले की लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. मूर्तीचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर हा गोळा चोळतात. तेव्हा मूर्ती सोनेरी दिसत नाही, रुपेरी दिसते. मग ती निखाऱ्यावर तापवतात. पारा ३५७ अंशांना उकळतो. त्याची वाफ होऊन तो निघून जातो आणि सोने तांब्याला घट्ट धरून मागे राहते. तेही आधी निस्तेज असते. अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने ते घासले की झळाळी येते. शिसे मिसळलेल्या धातूवर मुलाम्याला डाग पडतात, म्हणून मुलामा द्यायच्या मूर्तीसाठी जवळजवळ शुद्ध तांबेच घेण्याची रीत नेपाळात पडली. तेव्हा ज्याला आपण सरसकट 'सोनेरी कांस्य' म्हणतो ते पुष्कळदा कांस्य नसून तांबेच असते.

पारा निघून जातो असे मी म्हटले. तो कुठे जातो? काही हवेत, काही भट्टीपाशी बसलेल्या माणसाच्या छातीत. पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षे नाकातोंडात गेली की हात कापू लागतात, हिरड्या सुजतात, दात हलतात, मज्जासंस्था खचते. ही गोष्ट आज वैद्यकाला पूर्ण ठाऊक आहे. प्राचीन कारागिराला तिचे नाव ठाऊक नसेल, पण कापणारे हात तो पाहत असणारच. करुणेच्या देवतेच्या अंगावरची झळाळी कुणाच्या तरी अंगावरून उतरवलेली आहे. कलेच्या ग्रंथांत मुलाम्याच्या तेजाचे वर्णन पानोपानी सापडते. भट्टीपाशी बसलेल्या माणसाचे नाव क्वचितच.

२

मुलाच्या हातातले चित्र ज्या मूर्तीचे होते ती मूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती श्रीलंकेची. उंची १४३ सेंटिमीटर, सातव्या-आठव्या शतकातली, मेणाच्या रीतीने भरीव ओतलेली आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमाली आणि बट्टिकलोवा यांच्या दरम्यान ती सापडल्याचे सांगतात. १८१५ साली इंग्रजांनी कँडीचे राज्य खालसा केले, तेव्हा रॉबर्ट ब्राउनरिग हा तेथला गव्हर्नर होता. त्याच्या हाती ती मूर्ती आली आणि १८३० साली त्याच्याकडून ती म्युझियममध्ये पोहोचली. तिथे एक मौजेची गोष्ट घडली. मूर्तीची छाती उघडी म्हणून पुढची सुमारे तीस वर्षे ती सामान्य प्रेक्षकांपुढे ठेवली गेली नाही. अभ्यासकांनी मागितली तरच दाखवत. ज्यांनी परक्या देशाचे राज्य बळकावले त्यांना त्या देशाच्या देवतेची छाती पाहून संकोच वाटला!

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. १८६१-६२च्या सुमारास बिहारमध्ये सुलतानगंज येथे रेल्वेचे काम चालू असताना सात फुटांहून उंच, सुमारे पाचशे किलो वजनाची तांब्याची बुद्धमूर्ती जमिनीतून निघाली. ती आज बर्मिंगहॅमला आहे. त्या कामावरच्या इंजिनिअरचे नाव इतिहासात नोंदलेले आहे. ज्यांच्या कुदळीला ती मूर्ती लागली त्या मजुरांपैकी एकाचेही नाव कुणी लिहून ठेवले नाही. घडवणारा निनावी आणि उकरून काढणाराही निनावी.

३

आता दुसरा प्रश्न : धम्मात देवता आली कुठून?

तथागताने स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले, हे बाबासाहेबांनी आपल्याला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट करून सांगितले. सांची-भारहूतच्या आरंभीच्या शिल्पात बुद्धाची आकृतीच नाही. पिंपळ आहे, चक्र आहे, पाऊलखुणा आहेत, रिकामे आसन आहे. मूर्ती पुढे इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास आली, आणि तिच्या मागोमाग बोधिसत्त्व आणि तारा आल्या.

त्या का आल्या हे पाहायचे असेल तर लांब जायला नको. मुंबईजवळ कान्हेरीला जावे किंवा औरंगाबादच्या सातव्या लेण्यात जावे. तिथे अवलोकितेश्वर मध्ये उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे त्याला हाक मारीत आहेत. कुणाचे जहाज बुडते आहे, कुणाला आगीने वेढले आहे, कुणावर सिंह धावून येतो आहे, कुणाला हत्ती, कुणाला साप, कुणाला चोर, कुणाला बेडी. ही यादी नीट वाचली की ती कुणाची आहे ते कळते. समुद्रावर आणि घाटवाटांवर फिरणाऱ्या व्यापाऱ्याची ही भीती आहे. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे, नाणेघाटासारखे घाट, आणि त्या वाटांवर लेणी. लेण्यांना दान देणारा व्यापारी वाटेवरच्या भयातून तारणारे कुणी तरी मागत होता. 'तारा' या शब्दाचा अर्थच तारून नेणारी. माणसाच्या भयातून देवता जन्मते, हा सिद्धान्त ग्रंथात वाचण्याऐवजी इथे दगडावर पाहता येतो.

पण एवढे म्हणून थांबलो तर ते अर्धेच होईल. या देवतांमागे दुसरीही एक गोष्ट आहे. अवलोकितेश्वर म्हणजे करुणा, मंजुश्री म्हणजे प्रज्ञा, मैत्रेय म्हणजे मैत्री. धम्मातील गुणांना दिलेली ही मनुष्यरूपे आहेत. सोन्याचेही तसेच. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत सुवर्णवर्ण हे एक लक्षण सांगितले आहे. दीघनिकायातील लक्खण सुत्तात त्याचे कारण दिले आहे : जो कितीही डिवचले तरी क्रोध करीत नाही आणि जो लोकांना मऊ वस्त्रे दान देतो, त्याची कांती सोन्यासारखी होते. म्हणजे मूळ कल्पनेत सोने हे संपत्तीचे चिन्ह नसून अक्रोधाचे आणि दानाचे चिन्ह होते.

मग बिघडले कुठे? गुणाचे चिन्ह गुणाच्या जागी बसले, तेथे बिघडले. करुणा करायची असते. ती मूर्तीपुढे मागायची झाली की करणारा मोकळा होतो. अक्रोध अंगी बाणवण्यापेक्षा मूर्तीला मुलामा देणे सोपे असते, विशेषतः ज्याच्यापाशी सोने आहे त्याला. आणि ज्याच्यापाशी नाही, तो पुण्यातही मागेच राहतो. सोन्याचा हा तंटा संघाला नवा नव्हता. परंपरा सांगते, की महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली, ती दहा गोष्टींवरच्या वादामुळे. आणि भिक्षूंनी सोने-रूपे स्वीकारावे की नाही हा त्यांतला एक मोठा वाद होता. तेथे निर्णय 'स्वीकारू नये' असा झाला. श्रामणेरांचे दहावे शील आजही तेच सांगते. म्हणजे गणेशपुरीच्या मुलाने विचारलेला प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. तो विचारल्याबद्दल त्याला कुणी उद्धट म्हणू नये.

४

आता तिसरा प्रश्न : ही आपली म्हणायची का? त्याचे उत्तर लंडनमध्ये शोधण्यापेक्षा गणेशपुरीहून पश्चिमेला, वैतरणेच्या खाडीकडे, सोपाऱ्याला शोधावे असे मला वाटते.

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे १८८२ साली सापडला आणि नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ साली, म्हणजे नेमका धम्मदीक्षेच्या वर्षी. गावाबाहेर एक मोठा उंचवटा होता. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. तो कोट नव्हता, विटांचा स्तूप होता.

स्तूपाच्या मध्यभागी विटांच्या कोठीत दगडाची मोठी गोल पेटी निघाली. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ लहान कांस्यमूर्ती मांडलेल्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. बरोबर सोन्याची शेकडो फुले आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे एक नाणे. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. तथागताच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ते श्रद्धेने जपून ठेवले होते. ते खरोखर त्या पात्राचे होते की नाही हे आज सिद्ध करता येणार नाही, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की ज्यांनी हे ठेवले त्यांच्या लेखी सोने हे वेष्टन होते आणि मोलाची वस्तू माती होती. भिक्षा मागण्याचे मातीचे पात्र. मुलाम्यात याच्या उलट होते : सोने वर येते आणि डोळ्यांत भरते.

आठ मूर्तींपैकी सात या सात मानुषी बुद्धांच्या आहेत : विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी. आठवी मूर्ती मैत्रेयाची, पुढे येणाऱ्या बुद्धाची. सात भिक्षुवेषात, आणि हा मुकुट-अलंकार घातलेला. नाणे दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. याचा सरळ अर्थ असा, की पहिल्या ठेवीनंतर किमान पाचशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप पुन्हा उघडला, जुने तसेच ठेवले, भोवती आठ मूर्ती मांडल्या आणि तो परत बंद केला. त्या काळी महाराष्ट्रात बौद्ध संघाचा राजाश्रय आटत चालला होता. अशा वेळी कुणीतरी भविष्यातल्या बुद्धाची मूर्ती अंधारात ठेवून दिली. ती कुणी पाहावी म्हणून नव्हे. पुढे कुणी तरी येईल एवढ्या भरवशावर. तो ऐवज आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

महाराष्ट्राच्या मातीत अशा धातुमूर्ती इतरत्रही निघाल्या आहेत. रामटेकजवळ हमलापुरीला बुद्धमूर्ती सापडल्या. शेजारी बऱ्हाणपूरजवळ फोफनारला १९६४ साली सात बुद्धमूर्ती सापडल्या. छत्तीसगडात सिरपूरला १९३९ साली धातुमूर्तींचा मोठा साठा निघाला. त्यांतल्या कित्येक मूर्ती सोन्याचा मुलामा दिलेल्या, डोळ्यांत चांदी जडवलेल्या अशा आहेत. पण सोपाऱ्याचा मैत्रेय मला अधिक जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण त्या उंचवट्याचे नाव आहे.

५

बुरूड राजाचा कोट! बुरूड म्हणजे वेळूच्या टोपल्या, सुपे, परड्या विणणारी जात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत तिचे नाव आहे. विद्वान मंडळी या नावावर हसून पुढे जातात. टोपल्या विणणारा कधी राजा होतो काय?

मला येथे दोन टोके टाळायची आहेत. एक टोक असे, की नाव ऐकताच 'येथे बुरुडांचे राज्य होते' अशी घोषणा करायची. तसा कोणताही पुरावा नाही. नुसत्या नावावरून इतिहास रचण्याची खोड आपल्यालाही लागली आहे. वज्रेश्वरीच्या नावात 'वज्र' आहे म्हणून ते वज्रयानाचे पीठ होते असे शिबिरातल्या एका कार्यकर्त्याने मला ठासून सांगितले. आजचे देऊळ वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, पेशवाईत उभे राहिले. त्याआधी तेथे काय होते हे नावावरून ठरत नाही, उत्खननातून आणि लेखांतून ठरते. याच्या उलट भिवंडीजवळच्या लोनाडला जावे. तेथले लेणे बौद्धांचे आहे हे त्याची रचना आणि त्यातली शिल्पेच सांगतात, आणि त्यात आज खंडेश्वरी देवी बसली आहे. पुरावा असेल तेथे आवाज चढवावा, नसेल तेथे गप्प राहून खणावे. आपली बाजू खरी आहे म्हणून आपण पुराव्यात सूट मागू नये.

दुसरे टोक म्हणजे त्या नावाला काहीच अर्थ नाही असे मानणे. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात दानाची रक्कम कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्या श्रेणी कोणत्या? एक 'वासकार' म्हणजे वेळूचे काम करणाऱ्यांची, आणि दुसरी 'कासाकार' म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांची. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. तिच्याकडे लोक पैसा ठेवीत आणि त्याच्या व्याजातून धर्मकार्य चाले. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात बुरूडकाम करणारे लोक संघटित होते, त्यांची पत होती आणि दान देणारा त्यांच्यावर विश्वास टाकून पैसे ठेवीत होता. कान्हेरीला कल्याणच्या एका लोहाराने पायवाट करून दिल्याचा लेख आहे. हे दाते हात जोडून बाहेर उभे नव्हते. त्यांचे नाव दगडावर कोरले जात होते.

पुढे श्रेणी मोडल्या आणि जाती घट्ट झाल्या. ज्या हातांवर ठेव विश्वासाने ठेवली जात होती त्या हातांचा स्पर्श नकोसा झाला. वेळू तोच, विणकाम तेच, माणूस तोच. बदलली ती समाजव्यवस्था. काशाचे काम करणारा कासार आणि तांबट पायरीने थोडा वर राहिला, वेळूकाम करणारा बुरूड खाली ढकलला गेला. एकाच शिलालेखात शेजारी शेजारी बसलेल्या दोन श्रेणी पुढे एका पंगतीत बसू शकल्या नाहीत. जातिव्यवस्था अनादी आहे असे सांगणाऱ्यांना हा एक लेख दाखवावा.

सोपाऱ्याच्याच परंपरेत आणखी एक नाव येते : पूर्ण. पाली पुण्णोवाद सुत्तात तो सुनापरांताला धम्म सांगायला निघतो आणि तेथले लोक शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, तरी आपण क्रोध करणार नाही, असे तथागताला सांगतो. दिव्यावदान या संस्कृत ग्रंथात त्याची कथा विस्ताराने आहे. त्या कथेप्रमाणे पूर्ण हा शूर्पारकातील एका व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. भाऊ त्याला दासीपुत्र म्हणून वेगळा काढतात, आणि हाच मुलगा पुढे सोपाऱ्याला बुद्ध आणतो. कथेतला चमत्काराचा भाग सोडून द्या. पश्चिम किनाऱ्यावर धम्म आणण्याचे श्रेय परंपरेने एका दासीच्या मुलाला दिले, ही गोष्ट चमत्काराहून मोठी आहे. सुवर्णवर्णाचे कारण अक्रोध असेल, तर तो वर्ण मुलाम्याशिवाय ज्याला शोभला असता असा हा माणूस होता.

६

मात्र 'मूर्ती बौद्ध, म्हणजे समाज समतेचा' असे समीकरण कुणी मांडू नये. नेपाळचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. काठमांडू खोऱ्यात, विशेषतः पाटणला, मुलाम्याच्या मूर्ती घडवण्याची परंपरा शतकानुशतके अखंड चालत आली आहे. तिबेटपर्यंत तिथल्या कारागिरांना मागणी होती. हे काम करणारे पुष्कळ लोक शाक्य घराण्यांतले, स्वतः बौद्ध. कारागीर बौद्ध, मूर्ती बौद्ध, गिऱ्हाईक बौद्ध. पण तेथल्या नेवार बौद्ध विहारांचे सभासदत्व शाक्य आणि वज्राचार्य कुळांत जन्मलेल्या पुरुषांनाच मिळते. झाडूकाम करणाऱ्या पोडे, च्यामे यांसारख्या जातींना अस्पृश्य मानले गेले. तारा विहारात सोन्याने झळकत राहिली आणि विहाराचे अंगण झाडणारा बाहेरच राहिला. सोन्याने त्याला तारले नाही. जात धम्माच्या आत शिरते तेव्हा देवता तिला अडवीत नाही. अडवायचे असते ते माणसांनी.

म्हणूनच बाबासाहेबांनी आपल्याला मूर्ती दिली ती कशी दिली हे आठवावे. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तेथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडच्या विहारात बसवली. धम्मदीक्षा अजून पावणेदोन वर्षे दूर होती. ज्यांना देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवू दिले जात नव्हते त्या लोकांना त्यांनी एक विहार दिला आणि त्या विहाराचे दार उघडे ठेवले. पुढे बावीस प्रतिज्ञांतून देव आणि अवतार यांना नकार दिला. या दोन गोष्टींत विसंगती नाही. मूर्ती ही स्मरणासाठी आहे, मागणे मागण्यासाठी नाही, एवढाच तिचा अर्थ.

मग तारेचे काय करायचे? मला वाटते, तिची पूजा करू नये आणि तिला टाकूही नये. तिला वाचावे. ती कुणाच्या भयातून जन्मली, कुणाच्या पैशाने घडली, कुणाच्या हातांनी ओतली, कुणाच्या छातीत पारा गेला, कुणी तिला पळवले, कुणी झाकून ठेवले, हे सगळे तिच्या अंगावर लिहिलेले आहे. कलेच्या इतिहासकाराने तिचे सौंदर्य वाचले. श्रमाचा इतिहास आपण वाचायचा आहे. त्या अर्थाने ती आपली आहे. घडवणारे आणि उकरणारे हात आपलेच होते म्हणून आपली.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. मुलांना सहलीला नेताना एकदा नालासोपाऱ्याच्या स्तूपावर न्या. ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. तेथे मुलांना आधी त्याचे जुने नाव सांगा आणि मग आत काय निघाले ते क्रमाने सांगा : दगड, तांबे, चांदी, पुन्हा दगड, स्फटिक, सोने; आणि शेवटी त्यांनाच विचारा, सोन्याच्या आत काय असेल?

शिबिराच्या समारोपाला मी पुन्हा गेलो होतो. चीवर उतरवून मुले आपापल्या कपड्यांत आली होती. मी त्या मुलाला सोपाऱ्याची हकीकत सांगितली आणि हाच प्रश्न विचारला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आणखी काही तरी महाग." मी त्याला उत्तर सांगितले. तारेचे चित्र त्याने वहीत घालून ठेवले होते. ते काढून त्याने उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून घेतले : मातीचे तेरा तुकडे. मग मला विचारले, "सर, ही मूर्ती बनवणाऱ्याचे नाव कुठे लिहिलेय?"